गावाची तिजाई : बडोदे संस्थानातील ग्रंथालयांचा कारभार

मांडवीकडे जाण्याचा प्रसंग आपणांपैकी प्रत्येकास कधी ना कधी येतोच. तेथील मध्यवर्ती ग्रंथालयाच्या पुस्तकसंग्रहात ज्याने एकदा पाऊल टाकले आहे, तो तेथली जमीन सहसा विसरत नाही. पोलादी मांडण्यांच्या ओळींमधून चालण्यासाठी केलेली मधल्या मजल्यांची जमीन जाड काचेची आहे. वरच्या मजल्यावरचा दिवसाचा उजेड त्या काचेतून झिरपत खालच्या मजल्यावरील पुस्तकांच्या पाठींपर्यंत पोहोचावा, अशी ती योजना. पाहुण्यांना आपण ही काच मोठ्या अभिमानाने दाखवतो, आणि ती दाखवण्याजोगी आहेही. परंतु बडोद्याच्या ग्रंथालयांची खरी नवलाई त्या काचेत नाही. ती हिशेबाच्या एका साध्या नियमात होती. तो नियम फारसा कोणास ठाऊक नाही, म्हणून त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे.

आरंभ महाराजांपासून करणे भाग आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी शेतकरी कुटुंबात १८६३ साली जन्मलेला एक मुलगा १८७५ साली दत्तक होऊन बडोद्याच्या गादीवर बसला. त्या वेळी त्याचे वय बारा वर्षांचे असून लिहिणेवाचणे असे त्यास जवळजवळ येतच नव्हते. पुढे सयाजीराव महाराज म्हणून साऱ्या देशास ठाऊक झालेल्या या पुरुषाने अक्षरे उशिरा गिरवली, आणि कदाचित म्हणूनच अक्षरांची किंमत त्यास आयुष्यभर विसरता आली नाही. १८९३ साली त्यांनी अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण प्रयोगादाखल सुरू केले. १९०६ च्या कायद्याने तेच साऱ्या संस्थानास लागू झाले. मुलग्यांना सात ते बारा आणि मुलींना सात ते दहा या वयात शाळेत जाणे बंधनकारक झाले.

येथेच अडचण उभी राहिली. बाराव्या वर्षी शाळेतून सुटलेला मुलगा नांगर धरतो, आणि दहाव्या वर्षी सुटलेली मुलगी चुलीपाशी बसते. घरात छापील कागद म्हणून एक पंचांग असते, तेही भटजींच्या किंवा वडिलांच्या हाती. चारपाच वर्षे अशी गेली की शाळेत शिकलेली अक्षरे पाटीवरच्या अक्षरांसारखी पुसून जातात. सरकारने शाळेवर खर्च केलेला पैसा अशा रीतीने वाया जाऊ लागला, तर सक्तीच्या शिक्षणाचा अर्थ काय राहिला? शाळेच्या मागून गावात पुस्तक आले पाहिजे, हा विचार यातूनच उपजला. महाराज १९०६ साली अमेरिकेस गेले होते. तेथे गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली होती. १९१० साली कनेक्टिकट प्रांतातील न्यू हेवन येथील एक अनुभवी ग्रंथपाल, विल्यम अॅलन्सन बोर्डेन, यांस त्यांनी बडोद्यास आणविले आणि संस्थानात स्वतंत्र ग्रंथालय खाते काढून त्याचा कारभार त्यांच्या हाती दिला.

बोर्डेनसाहेब येथे सुमारे तीन वर्षेच राहिले, १९१३ साली ते मायदेशी परतले. तेवढ्या अवधीत त्यांनी जे केले ते थोडे नव्हे. लक्ष्मीविलास राजवाड्यातील महाराजांचा खासगी संग्रह, सुमारे २०,००० ग्रंथांचा, मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया म्हणून मिळाला. पुस्तकांचे वर्गीकरण करण्यासाठी बोर्डेन यांनी अमेरिकेतील कटर आणि ड्यूई या दोघांच्या पद्धतींचा मेळ घालून एक नवी पद्धत तयार केली. १९११ साली त्यांनी ग्रंथपालांसाठी शिकवणीचा वर्ग काढला. हिंदुस्थानातील असा तो पहिलाच वर्ग होय. लाहोरच्या विद्यापीठात डिकिन्सन यांनी असा वर्ग घेतला तो १९१५ साली, म्हणजे चार वर्षे नंतर. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ या नावाचे एक त्रैमासिक निघू लागले. ते १९१९ पर्यंत चालले. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तिन्ही भाषांतील मजकूर असत. ग्रंथालय या विषयाला वाहिलेले आपल्या देशातील हे पहिले नियतकालिक, आणि त्यात मराठीला आरंभापासून जागा होती, ही गोष्ट बडोद्याच्या मराठी माणसाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मध्यवर्ती ग्रंथालयात कोणीही येऊन वाचावे, वर्गणी नाही, असा दंडक होता. स्त्रियांसाठी वेगळी शाखा होती. मुलांसाठी तर एक खोली खेळण्यांनी आणि खेळांनी भरलेली असे, म्हणजे मूल आधी खेळावयास येईल आणि मग पुस्तकापाशी थांबेल. संस्कृत विभाग पुढे इतका वाढला की त्यातून ‘गायकवाड्स ओरिएंटल सिरीज’ ही ग्रंथमाला निघाली. १९१६ साली तिचा पहिला ग्रंथ, राजशेखराची ‘काव्यमीमांसा’, प्रसिद्ध झाला आणि १९२७ साली या विभागातूनच प्राच्यविद्या मंदिर उभे राहिले. या साऱ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, तेव्हा अधिक विस्तार नको. राजधानीत मोठे ग्रंथालय उभारणे श्रीमंत राज्याला अवघड नसते. खरी परीक्षा खेड्यात होती.

खेड्यांचा विचार करताना संस्थानाचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. गायकवाडी मुलूख सलग नव्हता. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे त्याचे चार प्रांत होते आणि ते एकमेकांपासून तुटलेले होते. मधूनमधून इंग्रजी मुलूख किंवा इतर संस्थानांची गावे येत. एका शहरातून साऱ्यांची वाचनाची सोय करणे अशक्यच होते. ही अडचण एका लाकडी पेटीने बरीचशी सोडवली.

फिरत्या ग्रंथालयाची ही पेटी म्हणजे काही मोठे यंत्र नव्हे. मजबूत लाकडाची, कुलूप असलेली, आत साधारणतः १५ ते ३० पुस्तके मावतील एवढी. एखाद्या गावच्या शाळामास्तराने किंवा वाचनालयाने मागणी करावी, की बडोद्याहून पेटी निघे. रेल्वेचे भाडे सरकार भरी, गावाला त्याचा एक पैसाही पडत नसे. तीन महिनेपर्यंत ती गावात राही, पुस्तके घरोघर फिरत, मग ती परत जाई आणि तिच्या जागी दुसरी येई. ज्या गावाला शंभर पुस्तके विकत घेण्याचे सामर्थ्य नाही, त्याच्या वाट्याला वर्षाकाठी अशा रीतीने सत्तरऐंशी पुस्तके येऊ शकत, आणि ती जुनी होऊन कपाटात पडूनही राहत नसत. डभोईकडची अरुंद रुळांची गाडी फार सावकाश चालते, अशी थट्टा आपले वडीलधारे करीत असत. त्या गाडीच्या डब्यातून या पेट्या जात असतील, हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्या सावकाशीचा राग थोडा कमी होतो.

परंतु पेटी ही सरकारची होती, गावाची नव्हे. जे आपले नाही ते माणूस जपत नाही. गावाला स्वतःचे वाचनालय असावे, ते गावाने चालवावे आणि तरीही एकट्या गावावर त्याचा भार पडू नये, हे कसे साधावे? येथे मोतीभाई अमीन यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. बोर्डेन यांची छायाचित्रे पुस्तकांतून छापली जातात. मोतीभाईंचे नाव मात्र चरोतराबाहेर फारसे कोणी उच्चारीत नाही, आणि माझ्या मते हा अन्याय आहे.

मोतीभाई नरसिंहभाई अमीन (१८७३ ते १९३९) हे वसो गावचे, पेशाने शिक्षक. सरकारी खाते निघण्याच्या चार वर्षे आधीच, १९०६ पासून, त्यांनी गावोगावी ‘मित्रमंडळ’ वाचनालये काढण्यास प्रारंभ केला होता. गावातले दहापाच वाचणारे एकत्र यावेत, थोडी थोडी वर्गणी काढावी, एखादे वृत्तपत्र आणि काही पुस्तके मागवावीत, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावे, एवढेच त्या मंडळांचे स्वरूप. ना इमारत, ना नोकर. सरकारी खाते निघाल्यावर मोतीभाईंना त्यात घेण्यात आले आणि आयुष्याची पुढील अनेक वर्षे ते संस्थानातील खेडी पालथी घालीत फिरले. अमेरिकेतून आलेली शिस्त आणि चरोतरच्या खेड्यातून आलेली वर्गणीची सवय, या दोहोंच्या मिलाफातून बडोद्याची पद्धत सिद्ध झाली. केवळ साहेबांच्या योजनेने ती खेड्यात रुजली असती असे मला वाटत नाही.

आता तो नियम. आपल्याकडे जुन्या हिशेबात तिसऱ्या हिश्शाला ‘तिजाई’ म्हणत. बडोद्याची ग्रंथालये तिजाईवर चालत. गावाने वर्षाला जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच सरकारच्या ग्रंथालय खात्याने द्यावी. मात्र याला मर्यादा होती. खेड्याच्या वाचनालयास सरकारी हिस्सा वर्षाला १०० रुपयांपर्यंत, कसब्याच्या वाचनालयास ३०० रुपयांपर्यंत आणि प्रांताच्या मुख्य ठिकाणच्या वाचनालयास ७०० रुपयांपर्यंत मिळे. नव्याने वाचनालय काढणाऱ्या खेड्यासाठी आरंभीची अट त्याहून सौम्य होती : गावाने २५ रुपये जमवावेत आणि १०० रुपयांची गुजराती किंवा मराठी पुस्तके न्यावीत. इमारत बांधावयाची झाल्यास तेथेही तिजाईचेच तत्त्व लागू होई.

विद्यार्थ्यांनी हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. एखाद्या खेड्याने ६० रुपये जमवले तर पंचायतीचे ६० व सरकारचे ६० मिळून वाचनालयाजवळ १८० रुपये होतात. गावाने आळस केला आणि ४० रुपयेच जमवले, तर एकूण रक्कम १२० वर येते. म्हणजे गावाने २० रुपयांची कसर केली की वाचनालयाचे नुकसान ६० रुपयांचे होते. उलट १०० रुपये जमवणाऱ्या गावाला ३०० रुपये मिळतात. त्या काळी प्राथमिक शिक्षकाचा मासिक पगार फार थोड्या रुपयांचा असे, हे लक्षात घेतले म्हणजे खेड्यात ३०० रुपयांचे मोल किती होते ते कळेल. गावातल्या सावकारापासून कुणब्यापर्यंत सर्वांस हे गणित समजत होते. आपला एक रुपया पेटीत टाकला की दुसऱ्या कोणाचे तरी दोन येऊन त्याला मिळतात, हे समजावयास इंग्रजी शिक्षण लागत नाही.

परंतु पैशाहून महत्त्वाची गोष्ट अशी की गावाचा हिस्सा आधी यावा लागे. सरकारने आधी पैसे दिले आणि गावाने मागून द्यावेत असे ठरले असते, तर गावाचे पैसे बहुधा कधीच आले नसते. पैसे आधी दिले म्हणून मग हिशेब विचारण्याचा हक्कही गावाकडे आला. वाचनालयाचा कारभार गावच्या समितीकडे असे. कोणती पुस्तके घ्यावयाची, वृत्तपत्र कोणते मागवायचे, वाचनालय किती वाजता उघडायचे, हे तेथे ठरे. ग्रंथपाल बहुधा शाळामास्तरच असत. खात्याची माणसे येऊन नोंदवह्या तपासीत, सल्ला देत, पुस्तकांच्या याद्या पुरवीत. पण वाचनालय त्यांच्या मालकीचे नव्हते. ज्या काळी देशात लोकांना निवडणूक म्हणजे काय हे जेमतेम ठाऊक होते, त्या काळी शेकडो खेड्यांत दहापाच माणसे चटईवर बसून जमाखर्च वाचून दाखवीत होती आणि त्यावर भांडतही होती. सार्वजनिक पैशाविषयी भांडता येणे हेही एक शिक्षणच आहे.

बोर्डेन गेल्यावर हे खाते ज. स. कुडाळकर यांच्याकडे आले. त्यांनी १९१९ साली या चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त यांनी खाते सांभाळले आणि १९२८ साली ‘बरोडा अँड इट्स लायब्ररीज’ हा ग्रंथ लिहिला. खाते चालवणाऱ्यांनीच लिहिलेले हे ग्रंथ असल्यामुळे त्यांत कौतुकाचा सूर अधिक असावा, हे स्वाभाविक आहे. म्हणून नाण्याची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे.

तिजाईचा नियम न्याय्य दिसतो, पण तो सर्वांना सारखा नव्हता. चरोतरातील तंबाखूच्या पैशावर सुखी असलेल्या गावाला १०० रुपये जमवणे जड नव्हते. नवसारी प्रांतातील रानीपरज वस्तीच्या पाड्याला २५ रुपयेही डोंगराएवढे होते. ज्याच्याजवळ आहे त्यास आणखी दोन मिळत आणि ज्याच्याजवळ काही नाही त्यास शून्याच्या तिप्पट, म्हणजे शून्यच. फिरती पेटी या उणिवेवर काही अंशी उतारा होती, कारण तिला वर्गणीची अट नव्हती. परंतु पेटी मागवणारे कोणी तरी वाचते माणूस तेथे असावे लागे, आणि पाड्यावर तेच नसे.

दुसरा प्रश्न याहून कठीण आहे. ‘गावाचे वाचनालय’ असे म्हटले की गाव म्हणजे कोण? वर्गणी कोणाकडे मागितली गेली, आणि कोणाच्या दारी कोणी गेलेच नाही? सयाजीरावांनी अस्पृश्य मुलांसाठी शाळा राज्यारोहणानंतर लवकरच काढल्या होत्या. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेस शिकावयास गेले ते बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. राजाची इच्छा कोणत्या बाजूची होती याविषयी शंका नाही. परंतु तेच आंबेडकर शिक्षण आटोपून १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा या शहरात त्यांस राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले. खरे कळताच काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांस तेथून घालवून दिले. दिवसाचे राहिलेले तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. याच शहरात त्याच वर्षी सर्वांस मोफत खुले असे ग्रंथालय उभे होते. नियम दारावर लिहिता येतो, उंबरठ्यावरची माणसे बदलण्यास त्याहून अधिक काळ लागतो. खेड्याच्या वाचनालयात चटईवर कोण बसे आणि ओसरीखाली उभे राहून कोण ऐके, हे ग्रंथालय खात्याच्या कौतुकात शोधून सापडावयाचे नाही. ज्यांच्या घरी अद्याप वयोवृद्ध माणसे आहेत त्यांनी त्यांस विचारून पाहावे.

तिसरी उणीव कारभाराची आहे. ही सारी व्यवस्था महाराजांच्या आज्ञेवर उभी होती, ग्रंथालयांसाठी केलेल्या स्वतंत्र कायद्यावर नव्हे. राजा ग्रंथप्रेमी होता तोवर हे निभले. पण आज्ञेने मिळालेली देणगी आणि कायद्याने मिळालेला हक्क यांत अंतर असते. सयाजीराव १९३९ साली निवर्तले. मोतीभाईही त्याच वर्षी गेले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानाचे खाते नव्या राज्याच्या कारभारात मिसळले आणि १९६० साली हा मुलूख गुजरात राज्याच्या वाट्यास आला.

तोवर कायद्याची वाट इतरांनी धरली होती. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालय कायदा केला. १९४८ साली, डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या दीर्घ खटपटीनंतर, मद्रास प्रांताने कायदा करून घरपट्टीवर ग्रंथालयासाठी वेगळा उपकर बसवला. हैदराबादेत १९५५ साली, म्हैसूर राज्यात १९६५ साली आणि महाराष्ट्रात १९६७ साली कायदे झाले. गोव्यात १९९३ साली झाला, जरी तेथील मध्यवर्ती ग्रंथालयाचे मूळ पोर्तुगीज अमदानीत १८३२ पर्यंत मागे जाते. या कायद्यांत दोन रीती आहेत. कर्नाटकात ग्रंथालय उपकर घेतला जातो, तेव्हा बेळगावास राहणारे आपले आप्त घरपट्टीबरोबरच ग्रंथालयासाठीही पैसे भरतात, मग त्यांनी वाचनालयाचे तोंड पाहिलेले असो वा नसो. महाराष्ट्रात उपकर नाही. तेथे लोकांनीच काढलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देऊन सरकार अनुदान देते. पहिल्या रीतीत पैसा खात्रीचा असतो. दुसरीत वाचनालय लोकांचे राहते, पण अनुदानाच्या वाटेकडे डोळे लावून बसावे लागते. बडोद्याच्या तिजाईत या दोहोंचे काही ना काही होते : सरकारचा पैसा होता, पंचायतीचा होता, आणि सर्वांच्या आधी गावाचा होता.

ज्या मुलखाने हे प्रथम करून दाखवले त्या मुलखात ग्रंथालयांचा कायदा मात्र फार उशिरा आला. गुजरात राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा २००१ साली झाला, म्हणजे बोर्डेनसाहेब बडोद्यास आल्यानंतर ९१ वर्षांनी.